लेकीच्या हाती रायफल : खर्चाचा मेळ कसा घालाल?

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसहून बातमी आली, की कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं रायफल नेमबाजीत ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं. त्याच आठवड्यात मनू भाकरनं पिस्तुलाची दोन पदकं घेतली होती. तेव्हापासून मी जिथे अर्धवेळ शिकवते, त्या शाळेत पालकसभेला येणाऱ्या आया गृहपाठाचं बोलणं संपलं, की हळूच विचारतात, "बाई, ती बंदूक केवढ्याला पडते हो?" मला विचारायचं कारण असं, की माझी लेक गेली तीन वर्षं रेंजवर जाते, आणि आमच्या घरची खर्चाची वही माझ्या ताब्यात असते!

प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त तो पहिल्या दिवशी विचारायचा नसतो. आमच्या शेजारच्या एक ताई तर मुलीसाठी पाटल्या मोडायच्या तयारीत होत्या. सराफाकडे वजन करून आल्या होत्या म्हणा ना! मी म्हटलं, "ताई, सहा महिने थांबा. क्लबची रायफल वापरू दे." त्या थांबल्या. पाचव्या महिन्यात प्रशिक्षकांनी मुलीच्या हातात पिस्तूल देऊन पाहिलं आणि ती तिकडेच रमली. रायफल घेतली असती, तर ती कपाटाच्या माथ्यावर पडून राहिली असती. पाटल्या ताईंच्या हातात आहेत.

तर सांगायची गोष्ट अशी, की या खेळात बंदूक ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू. पहिल्या वर्षाचा पैसा फी, छर्रे आणि रायफल असेल तर कपडे, यांवर जातो. आणि जायलाही तिथेच हवा.

आधी कोणती बंदूक, ते समजून घेऊ. मुलं सुरुवात करतात ती १० मीटर अंतरावरच्या एअर रायफल किंवा एअर पिस्तुलानं. यात दारूगोळा नसतो. दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ज्याला .१७७ म्हणतात तो, शिशाचा छोटासा छर्रा सुटतो. आपल्या देशात या मापाच्या आणि २० जूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या बंदुकीला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेच्या बंदुकीचा जोर याहून पुष्कळच कमी असतो. दुकानात मात्र ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. तो देताना कुरकुर करू नका, आणि जो दुकानदार पुरावा मागतच नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

खरी काडतुसाची रायफल, म्हणजे .२२ ची, ही पुष्कळ पुढची पायरी. तिला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी देतात, मोठ्या शहरात पोलीस आयुक्त. वयाची अट एकवीस वर्षांची. खेळाडू मुलांसाठी नियमांत वेगळी सोय आहे, ती क्लबकडून समजून घ्यावी. एका पालकांनी मला विचारलं होतं, की अमेरिकेत म्हणे लोक रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरतात आणि खर्च निम्म्यावर आणतात, तसं आपण का करू नये? तर बाई, आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते एक असो की शंभर. शिवाय दारूचं माप किंचित चुकलं, तर रायफल तोंडाशीच फुटते. ही काटकसर आपल्या वहीत येतच नाही. आपल्याला काटकसरीच्या जागा दुसऱ्या आहेत, आणि त्या पुष्कळ आहेत.

रायफल की पिस्तूल?

यात मुलीची आवड आणि प्रशिक्षकांचं मत महत्त्वाचं. पण दोन्हींच्या खर्चात फार फरक आहे, तो कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

रायफल नियमाप्रमाणे साडेपाच किलोपर्यंत वजनाची चालते. भरलेला मोठा कुकर उचलून बघा, म्हणजे कल्पना येईल! ती स्थिर धरायला जाड ताठ कापडाचं जॅकेट, तशीच पॅन्ट, सपाट तळाचे खास बूट आणि एका हातात मोजा लागतो. हा सगळा जामानिमा बंदुकीशिवायचा. पिस्तुलाला यातलं काहीच लागत नाही. सपाट बूट असले की झालं. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत असतं, पण ते एकाच हातानं, हात लांब करून धरायचं. एक किलो साखरेची पिशवी तशी मिनिटभर धरून पाहा, दंड थरथरायला लागतो.

नेम कशावर धरायचा, तर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मोहरीच्या दाण्याहून लहान! पिस्तुलाचा साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा. आता मुलींनाही मुलांइतक्याच ६० गोळ्या झाडाव्या लागतात. २०१८ च्या आधी बायकांना ४० असत. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० केले, ते त्या चाळीस गोळ्यांचे.

डोळ्याची एक परीक्षा घरीच करता येते, आणि ती रेंजवर जायच्या आधी करावी. दोन्ही हात समोर लांब करून पंज्यांची लहानशी खिडकी करायची आणि तिच्यातून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, भिंतीवरच्या कालनिर्णयातली एखादी तारीख पाहायची. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या एकट्या डोळ्याला ती तारीख जागेवर दिसते, तो तुमच्या मुलीचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या मुलीचा मुख्य डोळा डावा निघाला, तर प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. रायफलचा दस्ता आणि पिस्तुलाची मूठ उजवी-डावी वेगळी असते, आणि विकत घेतल्यावर हे कळलं तर फार महाग पडतं.

जत्रेत फुगे फोडायला असते तसली मोडून भरायची, स्प्रिंगची छर्ऱ्याची बंदूक स्वस्त मिळते. "शिकायला हीच बरी" म्हणून एका दुकानदारानं आमच्या ओळखीच्या घरी ती गळ्यात मारली. तिचा धक्का मोठा, चाप जड, आणि तिच्यावर लागलेल्या सवयी मोडायलाच पुढचं वर्ष जातं. मुलगा मग अंगणातल्या पाखरांवर ती रोखायला लागला, हे आणखी वेगळंच! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पाखरं मारणं गुन्हा आहे, हे त्या घरात मला सांगावं लागलं.

छर्ऱ्यांचा हिशेब

आता वहीतलं मुख्य पान. छर्ऱ्यांना रेंजवर पेलेट म्हणतात. स्पर्धेच्या प्रतीचा डबा ५०० चा येतो. मुलगी आठवड्यातून पाच दिवस ६० गोळ्या झाडते असं धरा. झाल्या ३००. वर्षाचे बावन्न आठवडे, म्हणजे १५,६००, म्हणजे एकतीस डबे. परीक्षा, आजारपण, गणपती-दिवाळी वजा केली, तरी पंचवीस डबे कुठे गेले नाहीत. तुमच्या गावातल्या दुकानात डब्याचा भाव विचारा आणि त्याला पंचविसांनी गुणा. हा आकडा नवऱ्यासमोर ठेवल्याशिवाय बंदुकीचं नाव काढू नका, कारण बंदूक एकदा घेतली की झाली, हे पंचवीस डबे दरवर्षी आहेत. स्वप्नीलचे वडील शिक्षक. मुलाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढल्याचं त्या वेळी वर्तमानपत्रांतून आलं होतं. तो मोठ्या रायफलचा खर्च, आपल्याहून कितीतरी मोठा. पण सारखं खात राहणारं काय असतं, ते यावरून कळावं.

हा आकडा कमी कसा होतो? कोरड्या सरावानं. रेंजवर त्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. बंदूक रिकामी, छर्रा नाही. फक्त उभं राहायचं, नेम धरायचा, श्वास सांभाळायचा आणि चाप ओढायचा. मला आधी वाटलं होतं, ही गरिबांची तडजोड असेल. प्रशिक्षकांनी सांगितलं, की मोठे खेळाडूसुद्धा हाच सराव करतात, कारण आवाज नाही, गुण नाहीत, त्यामुळे चाप ओढताना मनगट कुठे हललं ते स्वतःला कळतं. आमची लेक आता तीन दिवस रेंजवर साठ-साठ गोळ्या झाडते आणि दोन दिवस घरी कोरडा सराव करते. आठवड्याला ३०० च्या जागी १८०. वर्षाचे एकोणीस डबे. बारा डबे वाचले, आणि गुण काही घसरले नाहीत.

घरात दहा मीटर जागा कुणाकडे असते? आमच्या हॉलची लांबी जेमतेम पाच. मग लक्ष्यही निम्मं करायचं. रायफलच्या लक्ष्याचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा असतो, तो पाच मीटरवर सव्वापंधराचा काढायचा. पिस्तुलाचा साडेएकोणसाठचा, तो तीसच्या जरा आत. कंपासनं पांढऱ्या कागदावर काढून शाईनं भरायचा आणि मुलीच्या डोळ्यांच्या उंचीच्या बेतानं भिंतीला लावायचा. भिंतीपलीकडे जायची-यायची वाट नको. बंदूक रिकामी आहे हे दरवेळी उघडून, डोळ्यांनी पाहून घ्यायचं. छर्ऱ्यांचा डबा त्या खोलीत नकोच. आणि एक नियम आमच्याकडे लोखंडाचा आहे : रिकामी असली, तरी बंदूक माणसाकडे रोखायची नाही. थट्टेतही नाही. धाकट्यानं एकदा हात वर करून "शरण" म्हटलं, तर त्याच्या ताईनं आठवडाभर सराव बंद ठेवायची शिक्षा स्वतःलाच घेतली होती.

छर्ऱ्यांच्या प्रतीबद्दल दुकानदार खूप बोलतात. आर.डब्ल्यू.एस., एच अँड एन अशी जर्मन नावं येतात. डोक्याचं माप ४.४९, ४.५०, असं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी याकडे लक्ष देऊ नका. मुलीचा हात हलतो तो मिलिमीटरनं. शंभराव्या भागाचा फरक तिच्या कागदावर दिसणारच नाही. सरावाला साधा डबा, स्पर्धेला चांगला, एवढं पुरे. चांगल्या डब्यातले छर्रे स्पर्धेआधी चारदोन दिवस झाडून पाहावे, नाहीतर ऐन वेळी नेम वेगळा लागतो. डबा पाडू नका. शिसं मऊ असतं, कडा चेपते आणि तो छर्रा वाया.

शिशावरून आठवलं. छर्रे हाताळले की साबणानं हात धुतल्याशिवाय खायचं नाही. तोंडात छर्रे धरायची सवय काही मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. डबा रिकामा झाला, की छान दिसतो म्हणून त्यात वेलदोडे-लवंगा भरू नका हो!

कपड्यांची गंमत

रायफलचं जॅकेट आपल्या सवयीप्रमाणे "वाढत्या अंगाचं" घेता येत नाही. शाळेच्या गणवेशाला आपण दुमड ठेवतो, तसं इथे नाही. समोरचे दोन पल्ले एकमेकांवर किती यावेत, कापड किती जाड आणि किती ताठ असावं, हे सगळं नियमात मापून ठेवलं आहे, आणि मोठ्या स्पर्धेत यंत्रानं तपासतात. ढगळ जॅकेटचा आधारही मिळत नाही. आणि मुलगी तर तेराव्या-चौदाव्या वर्षी दर सहा महिन्यांनी वाढते.

यावर उपाय एकच : वापरलेलं घ्या आणि वापरलेलं विका. क्लबात वरच्या गटातल्या मुलींची जॅकेटं लहान झालेली असतातच. आमच्या लेकीनं पहिली दोन वर्षं दुसरीचं जॅकेट वापरलं, त्याच्या गुंड्या मी सरकवून दिल्या. नवं शिवून घ्यायचं ते उंची थांबल्यावर. फक्त घाम सुकवल्याशिवाय ते पिशवीत कोंबू देऊ नका. पावसाळ्यात बुरशी धरते आणि मग वासही जात नाही.

बूट मात्र पायाच्या मापाचे हवेत, त्यात आते-मामे बहिणींची देवघेव चालत नाही.

आता बंदूक

वर्ष-दीड वर्ष झालं, मुलीची आवड टिकली, प्रशिक्षकही "आता स्वतःची हवी" म्हणाले, की मग घ्या. परदेशी बनावटीची नवी स्पर्धेची रायफल, म्हणजे वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर या नावांची, दीड-दोन लाखांच्या घरात आणि वरही जाते. मोरिनी किंवा स्टायरचं पिस्तूलही लाखाच्या पुढचंच. भारतीय बनावटीच्या रायफली याहून पुष्कळ कमी पैशांत मिळतात आणि जिल्ह्याच्या, राज्याच्या पातळीपर्यंत मुलं त्यांवर चांगले गुण करताना मी पाहते आहे.

माझं मत विचाराल, तर चांगली वापरलेली बंदूक ही मध्यमवर्गाची बंदूक. नळी नीट ठेवली तर लाखो गोळ्यांनीही सहसा बिघडत नाही. बिघडतात ती रबरी वळी, आणि मुदत संपते ती सिलिंडरची. म्हणून आधी सिलिंडर पाहा. त्याच्यावर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेलं सिलिंडर स्वस्तात मिळालं तरी नको. आत दोनशे बारपर्यंत दाब असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या शंभरपट. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं किमतीत घासाघीस करून पिस्तूल घेतलं आणि घरी आल्यावर तारीख वाचली. नव्या सिलिंडरच्या किमतीत सगळी घासाघीस गेली.

दुसरी परीक्षा गळतीची. संध्याकाळी हवा भरायची, काटा कुठे आहे ते लिहून ठेवायचं, सकाळी पुन्हा पाहायचं. भरताना सिलिंडर तापतं, म्हणून निवल्यावर काटा थोडा उतरतो. तेवढं सोडून द्या. त्याहून उतरला तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. विकणाऱ्याला रात्रभर थांबायला जमत नसेल, तर तुम्हालाही घ्यायला जमत नाही! मूळ बिल आणि त्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहूनच पैसे द्या.

पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम ओढ असावी लागते, स्पर्धेआधी वजन लटकवून तपासतात. विकत घेतल्यावर प्रशिक्षकांकडून तेवढं बघून घ्या.

हवा भरायची कुठे? क्लबच्या कंप्रेसरवर. हातपंप मिळतो, पण पावसाळ्यात त्यानं दमट हवा आत जाते आणि आतून गंज धरतो. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून तर कधीच, अगदी कधीच भरू नये. त्यानं स्फोट होतो. तसंच शिवणयंत्राचं तेल. आपल्या प्रत्येकीच्या घरी ती बाटली असते आणि काही करकरलं की हात तिकडेच जातो. जिथे दाबाची हवा आहे, तिथे ते तेल पेट घेऊ शकतं. कंपनीनं सांगितलेलं ग्रीसच चालतं. सिलिंडर उन्हात, बंद गाडीत ठेवायचं नाही.

घरी बंदूक पेटीत, पेटी कुलपात, किल्ली आईकडे. छर्रे दुसऱ्या कपाटात. आमच्या सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "अगं, घरात शस्त्र म्हणजे..." आणि वाक्य अर्धंच सोडायच्या. दसऱ्याला लेकीनं ती पेटी आपट्याच्या पानांशेजारी पूजेला मांडली, तेव्हा त्यांनी स्वतः हळदकुंकू वाहिलं. आता एसटीला उशीर झाला, तर त्याच आधी दारात उभ्या असतात.

प्रवासात पेटी बंद, नळीतून रंगीत दोरी घातलेली, आणि क्लबचं पत्र सोबत. विमानाचा प्रसंग आलाच तर सिलिंडर रिकामं करून, आधी कंपनीला कळवून, सामानातच द्यावं लागतं.

आणि बंदुकीशिवायही मुलीला स्पर्धा खेळता येतात, हे विसरू नका. शालेय स्पर्धांत नेमबाजी आहे, एनसीसीत आहे. अंजली भागवत यांची सुरुवात मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातल्या एनसीसीतूनच झाली, आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या पोचल्या. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या दोघी कोल्हापूरच्या, दुधाळीच्या रेंजवरच्या. पहिली २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, दुसरीनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं. राष्ट्रीय पातळीच्या वाटेवरची जी मावळंकर स्पर्धा असते, ती गणेश वासुदेव मावळंकरांच्या नावाची. लोकसभेचे पहिले सभापती ते हेच. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही ते पहिले अध्यक्ष होते.

रेंजवर पहिल्यांदा जाल, तेव्हा चार गोष्टी विचारून घ्या : क्लबच्या किती बंदुका आहेत आणि त्यांवर किती मुलं आहेत, म्हणजे मुलीच्या वाट्याला तास किती येईल ते कळेल. फीमध्ये छर्रे धरले आहेत का. हवा भरण्याचे पैसे वेगळे का. आणि मुली किती आहेत, त्यांना सुटायला किती वाजतात. आमच्याकडे शेवटची एसटी सव्वासातला आहे, म्हणून मी तो प्रश्न सगळ्यात आधी विचारला होता.